पॅटर्न पाठ करताय? एक लिहून बघा!

सेमिस्टरच्या आदल्या रात्री माझी इंजिनीअरिंगवाली रूममेट खोलीभर फेऱ्या मारत 'सिंगलटन, फॅक्टरी, ऑब्झर्व्हर' असा जप करत होती. मी मास कॉमवाली, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचं पुस्तक सहज चाळलं आणि वाटलं, अरे, हा तर लेखनाचा प्रकार आहे!

मुळात ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नाहीच. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या आर्किटेक्टने सहकाऱ्यांसोबत १९७७ मध्ये घरं-गावं बांधण्याच्या २५३ पॅटर्न्सचं पुस्तक काढलं. त्यातला एक म्हणतो, सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी कुणी फारशी वापरतच नाही. कारण तिथे टेबल मांडून दोन-तीन जण निवांत बसू शकत नाहीत. आता आपल्या फ्लॅटची बाल्कनी आठवा. कपडे वाळत घालायलाच ना? बघा, अडचण, तिचं कारण आणि उपाय, सगळं एका दमात कळलं. पॅटर्नचं नावही 'सहा फुटी बाल्कनी'. विसरूच शकत नाही!

सॉफ्टवेअरमधलं २३ पॅटर्न्सचं गाजलेलं पुस्तक १९९४ चं, चौघांनी लिहिलेलं. त्यात प्रत्येक पॅटर्नचे 'परिणाम', म्हणजे फायदे-तोटेही आहेत. आपल्या जर्नलमध्ये मात्र व्याख्या, आकृती आणि सही! सिंगलटन म्हणजे क्लासचा एकच ऑब्जेक्ट, हे सगळ्यांना पाठ. पण सगळा कोड त्याच्यावर टेकला की टेस्टिंगला घाम फुटतो, हे कोण लिहितं? त्या चौघांतल्या एरिक गामाने २००९ च्या एका मुलाखतीत सिंगलटन यादीतून काढावा, असं म्हटलं होतं. आपण अजून पाठ करतोय.

मला सगळ्यात भारी वाटली ती पॅटर्न लिहिणाऱ्यांची कार्यशाळा. बाकीचे तुमच्या लेखावर बोलतात आणि तुम्ही गप्प बसायचं. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' ही पळवाट बंद! आणखी एक दंडक आहे. एखादा उपाय किमान तीन वेगळ्या ठिकाणी चाललेला दिसला, तरच त्याला पॅटर्न म्हणायचं. सुचली आयडिया की दे नाव, असं चालत नाही.

म्हणून म्हणते, प्रोजेक्टमध्ये पुन्हा पुन्हा छळणारी एक अडचण घ्या आणि तिच्यावर पानभर लिहा. रूममेटने लिहिलंय. वाचून मी एकच विचारलं, 'हे कधी वापरायचं नाही?'

ती अजून विचार करतेय.