कार्यालयातलं कपाट वस्तीशाळेत का पोहोचत नाही? घोडं अडतं रजिस्टरच्या पानावर

तालुक्याच्या ठिकाणी कामासाठी खेटे घालणाऱ्याला हे चित्र नवीन नाही. जिन्याखाली हात तुटलेल्या खुर्च्यांची चळत. मागच्या व्हरांड्यात पाय मोडलेलं टेबल, त्यावर धूळ आणि कबुतरांची घाण. आत साहेबांच्या दालनात मात्र नवंकोरं फर्निचर. आणि त्याच तालुक्यातल्या एखाद्या वस्तीशाळेत गुरुजींना हजेरीपट ठेवायला धड कपाट नसतं, अंगणवाडीत सेविकेला रजिस्टर मांडीवर घेऊन लिहावं लागतं.

२०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कृती आराखडा आणला. त्यातल्या सात मुद्द्यांपैकी एक होता स्वच्छतेचा. जुन्या फायली लावा, निरुपयोगी सामान आणि नादुरुस्त गाड्या निकाली काढा, असा त्याचा अर्थ. केंद्र सरकारही २०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये अशीच मोहीम राबवतं आणि भंगार विकून केंद्राच्या तिजोरीत २ हजार कोटींहून जास्त रक्कम जमा झाली आहे. कार्यालयं मोकळी झाली, हे चांगलंच. पण एखादी वस्तू ‘भंगार’ ठरवण्याआधी ‘ही दुसऱ्या कुणाला हवी आहे का?’ असं विचारण्याची पायरी या सगळ्यात कुठे आहे? खरी मेख इथेच आहे.

वस्तू सरकारची, सही एका माणसाची

सरकारी खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नसते, ती रजिस्टरमधली एक ओळ असते. कार्यालयात त्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, कागदोपत्री ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’. ग्रामपंचायतीत हाच तो नमुना १६. वस्तू कधी घेतली, किती रुपयांना घेतली, किती नग आहेत, हे सगळं त्यात असतं.

अधिकाऱ्याची बदली झाली की पदभार देताना ही यादीही द्यावी लागते. यादीत १२ खुर्च्या आणि खोलीत १०, तर उरलेल्या दोन कुठे गेल्या, याचं उत्तर त्यालाच द्यायचं असतं. साध्या तोंडी शब्दावर शाळेला टेबल दिलं आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर वसुलीची टांगती तलवार. मग कोण कशाला भानगडीत पडेल? सामान खोलीत टाकायचं आणि कुलूप लावायचं, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग.

थोडक्यात, खुर्ची कुजली तर कुणी जाब विचारत नाही. खुर्ची कमी भरली तर विचारतात. नियम चोरी होऊ नये म्हणून केले, पण त्यातून सामान सडवण्याची सवय लागली.

कायमचं मोकळं व्हायचं तर ‘निर्लेखन’ करावं लागतं. वस्तूची मूळ किंमत, वय, आजची अवस्था आणि दुरुस्ती परवडते की नाही, हे लिहून प्रस्ताव करायचा, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची, मग लिलाव. हे काम किचकट, म्हणून वर्षानुवर्षं मागे पडतं. आणि होतं तेव्हा चांगलं-वाईट सगळं एकाच ढिगात किलोच्या भावाने जातं.

ही तर एकाच घरातली बदली

इथे एक गोष्ट गावकऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवी. पंचायत समितीचं कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामीण भागातली अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र हे सगळं जिल्हा परिषदेच्याच छताखाली येतं. खाती वेगळी, घर एकच. म्हणजे पंचायत समितीतलं कपाट शाळेला देणं हे दान नाही. माजघरातली वस्तू ओसरीवर आणण्यासारखं आहे ते. एका रजिस्टरमधून वजा, दुसऱ्यात जमा, मधे मंजुरीचा आदेश आणि दोघांच्या सह्या. मालक बदलतच नाही.

तहसील कार्यालयाचं तसं नाही. ते महसूल खात्याचं, थेट राज्य शासनाचं. ग्रामपंचायत ही तर कायद्याने स्वतंत्र संस्था. तिथली वस्तू इकडे आणायची तर परवानगीचा रस्ता लांबचा. म्हणून सुरुवात जिल्हा परिषदेच्या घरातूनच करणं सोपं आहे.

सगळंच देण्यासारखं नसतं

जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या. त्या काळातली सागवानी टेबलं-खुर्च्या काही ठिकाणी अजून आहेत. त्यांचे सांधे सुतार पुन्हा आवळू शकतो, पॉलिश करू शकतो. लोखंडी कपाट गंजलं तर घासून रंग देता येतो, कुलूप बदलता येतं. उलट भुश्याच्या फळीचं नव्या पद्धतीचं टेबल एका पावसाळ्यात ओल लागून फुगलं की संपलं. गोल फिरणाऱ्या खुर्चीचा दट्ट्या गेला की ती खुर्ची वस्तीवर कोण दुरुस्त करणार?

साहेबांचं टेबल पहिलीच्या पोराच्या उंचीचंही नसतं. म्हणून कार्यालयातलं फर्निचर वर्गात बाकं म्हणून चालणार नाही. पण कपाट पोषण आहाराच्या साहित्याला चालतं, टेबल गुरुजींना चालतं, लांब बाक उपकेंद्राच्या दारात लसीकरणाला आलेल्या आयाबायांना बसायला चालतो. जुने संगणक मात्र या यादीत नकोत. बंद पडलेला संगणक ई-कचरा आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. शाळेला मोडकं सामान देऊन कार्यालयाने हात झटकायचे, याला मदत म्हणत नाहीत. काय हवं ते शाळेने सांगायचं, जे आहे ते कार्यालयाने दाखवायचं.

भाडं कोण देणार?

हा प्रश्न छोटा वाटतो, पण गाडं इथेच अडतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानात संयुक्त शाळा अनुदानाचा दर वर्षाला १० हजार रुपये आहे. त्यात खडू, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती सगळं भागवायचं. टेम्पोचं भाडं आणि सुताराची मजुरीही त्याच पैशातून काढायला लावली, तर गुरुजी म्हणणार, नको ते कपाट.

म्हणून नेण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च देणाऱ्या कार्यालयाने उचलायला हवा. अंगणवाडीसाठी ग्रामपंचायतीलाही वाट आहे. तिच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात.

नवी खरेदी होण्याआधी

राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. निवडून आलेले पदाधिकारी पुन्हा दालनात बसतात, तेव्हा दालनाची सजावटही नव्याने होते, हा जुना अनुभव. जुनं सामान बाहेर निघतं ते याच वेळी. एकदा उघड्यावर पाऊस खाल्ला की त्याचं भंगारच होतं.

त्यामुळे गावांनी आधीच हालचाल केलेली बरी. शाळा व्यवस्थापन समितीने बैठकीत ठराव करून गरजेची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अंगणवाडीची यादी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाते. पंचायत समितीत काय पडून आहे, हे पाहायचं तर २०१८ च्या शासन निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय केलेली आहे. तिथे डेडस्टॉक रजिस्टर मागता येतं. नाही दाखवलं, तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच.

गटविकास अधिकाऱ्यांकडेही एक साधी मागणी करता येईल. वर्षातून एकदा जडवस्तूंची पडताळणी करायचीच असते. त्या वेळी वापरात नसलेल्या पण दुरुस्त होण्याजोग्या वस्तूंची यादी वेगळी काढा, ती सूचना फलकावर आणि तालुक्यातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, महिनाभर वाट पाहा. कुणीच मागितलं नाही तर खुशाल लिलाव करा.

यासाठी वेगळ्या निधीची योजना लागत नाही. रजिस्टरच्या दोन पानांवर दोन सह्या लागतात. त्या करायला साहेब कचरतात, कारण देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते आणि सडवण्याची कुणावरच येत नाही. ती जबाबदारी ठरवून घेण्याचं काम ग्रामसभा आणि निवडून दिलेले सदस्य करू शकतात. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढायला हवा.