समुद्राचा सातबारा

१९९६ साली उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ब्लू मड बे या उपसागराच्या काठी, गारंगाली नावाच्या जागी, बारामुंडी मासा चोरून पकडणाऱ्यांचा तळ सापडला. तिथे मगरीचं तोडलेलं मुंडकं पडलं होतं. मदरपा कुळातल्या योल्ङु मूलनिवासींसाठी मगर, म्हणजे बारू, हा पूर्वज आणि गारंगाली हे त्याचं पवित्र स्थान. ही विटंबना पाहून जांबावा मरविली या कुळप्रमुखांनी आसपासच्या कुळांतल्या चित्रकारांना हाक दिली. ४७ जणांनी झाडाच्या सालीवर ८० चित्रं रंगवली. गोडं पाणी खाऱ्याला कुठे मिळतं, प्रवाह कुठून वळतो, कोणत्या कुळाचं पाणी कुठवर, पूर्वज कोणत्या वाटेने समुद्रात उतरला, हे सगळं त्या बारीक रेघांच्या नक्षीत आहे. ज्या कुळाची नक्षी, तिचा अधिकार त्याच कुळाचा. हा त्यांच्या समुद्राचा सातबाराच होता.

वाद पुढे न्यायालयात गेला. ३० जुलै २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. मूलनिवासींच्या जमिनीलगत भरती आणि ओहोटीच्या रेषांमधल्या पट्ट्यावर पाणी चढलं, तरी तिथे शिरायला त्यांची परवानगी लागेल. नुसता सरकारी मासेमारी परवाना दाखवून भागणार नाही. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला हा निकाल लागू झाला.

त्याचं मोल कळायला याच योल्ङु लोकांचा ३७ वर्षांपूर्वीचा पराभव आठवावा लागतो. १९६३ साली त्यांच्या जमिनीचा मोठा तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतला गेला, तेव्हा यिरकाला वस्तीतल्या लोकांनी सालीवर चिकटवलेला, चित्रांची किनार असलेला अर्ज थेट संसदेकडे पाठवला. खटला झाला. १९७१ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केलं की या लोकांची जमिनीविषयी अतिशय सुसूत्र कायदेव्यवस्था आहे. आणि लगेच हेही सांगितलं की इंग्रजी कायद्याच्या लेखी ती मालमत्ता ठरत नाही. खाण चालू राहिली. ज्ञानाचा गौरव आणि हक्काला नकार एकाच निकालपत्रात बसू शकतात, हे तेव्हा दिसलं. पुढे १९७६चा भूमिहक्क कायदा आला, १९९२ साली माबो खटल्याच्या निकालाने ‘ही भूमी कुणाचीच नव्हती’ ही दोन शतकांची समजूत मोडीत काढली, आणि मग कुठे ब्लू मड बेची वाट तयार झाली.

या मूलनिवासींचं भूमीशी नातं फार जुनं आहे. ब्लू मड बे ज्या भागात आहे, त्याच आर्नहेम लँडमधल्या मजेदबेबे या गुहास्थळी माणसाच्या वावराच्या खुणा सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचा पुरातत्त्वज्ञांचा निष्कर्ष आहे. हिमयुग सरताना समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास वर चढला, किनारे बुडाले, टेकड्यांची बेटं झाली. आणि तो प्रसंग सांगणाऱ्या कथा किनाऱ्यावरच्या अनेक समाजांत अजून सांगितल्या जातात. व्हिक्टोरियात बुज बिम इथे गुंडितमारा लोकांनी ज्वालामुखीच्या खडकातून चर खोदून, बांध घालून बाममासा अडवण्याची आणि वाढवण्याची व्यवस्था केली. तिचे काही भाग किमान ६,६०० वर्षं जुने आहेत. २०१९ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पण मला जास्त बोलायचं आहे ते आगीबद्दल.

आर्नहेम लँडच्या पश्चिमेला खडकाळ पठार आहे. तिथल्या बिनिंज लोकांच्या वर्षात सहा ऋतू असतात. पावसाळा सरून गवत लोळवणारी वादळं निघून गेली की येगे हा थंडाव्याचा ऋतू लागतो, साधारण मे महिन्यात. गवत वरून पिवळं पडलेलं, बुडाशी अजून ओलं. अशा वेळी लावलेली आग गुडघ्याएवढीच उठते, सावकाश सरकते, रात्रीच्या दवाने आपोआप विझते. झाडांच्या शेंड्यांना झळ लागत नाही, प्राण्यांना पळायला वेळ मिळतो, आणि जळलेल्या-न जळलेल्या तुकड्यांची गोधडी मागे राहते. ऑक्टोबरात वीज पडून पेटलेली आग या जळलेल्या पट्ट्यांशी येऊन अडते.

विसाव्या शतकात मिशन, खाणी आणि मजुरीच्या ओढीने हे पठार रिकामं झालं. वेळेवर आग लावणारं कुणी उरलं नाही, आणि आगी मात्र वाढल्या: उशिराच्या, प्रचंड, शेकडो किलोमीटर धावणाऱ्या. सायप्रस पाइनची झाडं मेली, खडकांच्या आसऱ्याने वाढलेली जुनी वर्षावनं कडेने जळत गेली. ‘निसर्गाला त्याच्यावर सोडा’ म्हणणाऱ्यांनी हे पठार जरूर अभ्यासावं. आग म्हणजे केवळ शत्रू, हा विचार वसाहतीच्या वनखात्यांनी जगभर नेला. कोकणातली झाडोरा जाळून केली जाणारी दळी आणि कुमरी शेतीही त्यांनीच आखडत आणली.

बारडायल लॉफ्टी नाजामेरेक हे चित्रकार आणि जाणते वडीलधारे २००२ साली पठारावर कबुलवारनम्यो इथे परत राहायला गेले. त्यांनी तरुणांना आणि शास्त्रज्ञांना सोबत घेतलं. २००६ साली डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाशी करार झाला: २८,००० चौरस किलोमीटरवर वेळेवर आग लावायची, त्यातून वाचलेल्या मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा हिशेब ठेवायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे. पहिल्या सात वर्षांत त्या टापूतल्या आगींमधून होणारं उत्सर्जन एक तृतीयांशाहून अधिक घटलं. आज हेलिकॉप्टर आहेत, उपग्रहाचे नकाशे आहेत. पण कुठे, केव्हा आणि कुणाच्या संमतीने पेटवायचं, हे त्या भूमीचे वारसच ठरवतात.

२०१९-२०च्या वणव्यांनंतर ऑस्ट्रेलियात सगळ्यांनाच या ज्ञानाचं अप्रूप वाटू लागलं. हे ज्ञान ज्यांत आहे त्या भाषांची ध्वनिमुद्रणं झाली, शब्दकोश झाले. ही कामं हवीतच. १७८८ साली ब्रिटिश वसाहत सुरू झाली तेव्हा अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि आज जेमतेम डझनभर भाषा मुलं घरात शिकतात. मात्र पठार रिकामं असताना त्याविषयीची नोंद कितीही चोख असली, तरी ती गवताला काडी लावत नाही. वडीलधाऱ्यांबरोबर चालत, कोणत्या दिवशी कोणतं गवत पेट घेतं हे पाहतच ते शिकायचं असतं. त्यासाठी जमीन ताब्यात हवी, तिथे घर हवं, मुलांसाठी शाळा हवी आणि मोठ्यांना रोजगार हवा. कबुलवारनम्योला २०१५ साली शाळा सुरू झाली, ती याच गरजेतून.

आता प्रश्न पैशाचा आहे. रानाची देखभाल करणाऱ्या आणि वेळेवर आग लावणाऱ्या मूलनिवासी रेंजरांचे पगार अजूनही मुदतीच्या सरकारी योजनांवर चालतात. सध्याची योजना २०२८पर्यंतची. अग्निशमन दलाचा जवान कायम नोकरीत आणि आग लागूच नये म्हणून मे महिन्यात रानात फिरणारा रेंजर कंत्राटावर, ही विभागणी अन्यायाची आहे. ऑस्ट्रेलियन सरकारने ही पदं कायम करावीत.