गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हे मुळशीकरांना शिकवावे लागत नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध याच तालुक्यात १९२१ साली सत्याग्रह झाला. पुढे जागतिकीकरण आले, हिंजवडीत आयटी पार्क उभे राहिले आणि शेतांचे प्लॉट झाले. जमिनीच्या कागदासाठी कोर्टाची पायरी चढणारा आमचा समाज गाण्याच्या कागदाबाबत मात्र गाफील आहे.

१४ एप्रिलला डीजेवर भीमगीते वाजू लागली की काही जण नाक मुरडतात. ढोलकी गेली, हलगी गेली, हे आपले गाणेच नव्हे, म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. आंबेडकरी जलशाने तमाशाचा साज घेतला आणि आशय बदलला. भीमगीतांनी कव्वालीची चाल घेतली. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. आज आमची पोरे रॅप करतात, ती त्याच नात्याने. देवाणघेवाण हा गुन्हा नाही. शुद्धतेचा सोस तर मनुवाद्यांचा. आम्ही तो कशाला वाहायचा?

खरा प्रश्न मालकीचा आहे. लोककवी वामनदादा कर्डक आपल्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफत. रिमिक्स करताना ते कडवे कापले की कवीचे नावच कापले जाते. याला देवाणघेवाण कसे म्हणायचे? ही तर नुसती घेवाण!

कायदा इथे मुका नाही. गीतावरचा कॉपीराईट कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे २०६४ अखेरपर्यंत त्यांची गीते बेवारस नाहीत. हक्क विकला तरी कवी म्हणून नाव लागण्याचा अधिकार कवीचाच राहतो. हक्क लेखी करारानेच देता येतात आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकाराला रॉयल्टीचा वाटा कंपनीला सोडून देता येत नाही. पण हे आमच्या किती गायकांना, किती शाहिरांना ठाऊक आहे?

म्हणून जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे: डीजे लावा, रॅप लावा, पण कवीचे नाव माईकवरून पुकारा, शेवटचे कडवे कापू नका. आणि तरुण गायकांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. बाबासाहेबांनी आम्हाला शिकायला सांगितले ते यासाठीही.