पाकिस्तानने विमान कंपनी विकली, पण कर्ज कुणाच्या गळ्यात पडलं?

२३ डिसेंबर २०२५ ला इस्लामाबादमध्ये एक लिलाव झाला आणि तो टीव्हीवर थेट दाखवण्यात आला. विक्रीला होती पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्स, म्हणजेच पीआयए. सरकारने किमान किंमत ठेवली होती १०० अब्ज पाकिस्तानी रुपये. आरिफ हबीब समूहाच्या गटाने ११५ अब्जांपासून सुरुवात केली, लकी सिमेंटच्या गटाशी चढाओढ झाली आणि शेवटी १३५ अब्जांना सौदा तुटला. आपल्या रुपयात साधारण ४,३०० कोटी. एवढ्यात कंपनीचा ७५ टक्के हिस्सा गेला.

बातमी इथे संपते असं वाटतं, पण खरा हिशोब इथूनच सुरू होतो. या १३५ अब्जांपैकी सरकारच्या तिजोरीत किती येणार? फक्त साडेसात टक्के, म्हणजे जेमतेम १० अब्ज. उरलेले साडेब्याण्णव टक्के पीआयएमध्येच गुंतवले जाणार आहेत. थोडक्यात, खरेदीदार जे पैसे देतोय त्यातले बहुतेक त्याच्याच नव्या कंपनीत जाणार.

आणि जुनं कर्ज? ते लिलावाच्या आधीच बाजूला काढलं होतं. साडेसहाशे अब्ज रुपयांच्या आसपासची देणी एका वेगळ्या सरकारी कंपनीत टाकली गेली. ती फेडणार पाकिस्तानी करदाता.

एकेकाळची ऐट

ही तीच पीआयए, जिने १९८५ मध्ये एमिरेट्सला सुरुवातीची विमानं भाड्याने दिली होती. एमिरेट्सचं पहिलं उड्डाणही दुबईहून कराचीलाच झालं. पुढे एमिरेट्स कुठे गेली आणि पीआयए कुठे, हे सांगायला नको. सरकार बदललं की नोकरभरती आणि वरून आलेले निर्णय, हे वर्षानुवर्षं चाललं. मे २०२० मध्ये कराचीत विमान कोसळून ९७ प्रवासी आणि कर्मचारी गेले. त्यानंतर तिथल्या मंत्र्यांनीच संसदेत अनेक वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचं सांगितलं. युरोपने बंदी घातली, ती उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला.

मग विक्रीची घाई का? कारण पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ७ अब्ज डॉलरच्या कार्यक्रमात आहे आणि तोट्यातल्या सरकारी कंपन्यांचं काहीतरी करा, असा त्यांचा आग्रह आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला प्रयत्न झाला, तेव्हा किमान अपेक्षा ८५ अब्जांची होती. आली एकच बोली, एका बिल्डरची, १० अब्जांची! सरकारने नकार दिला आणि जगभर हसं झालं ते वेगळंच.

हे आपल्याकडेही झालंय

गोष्ट ओळखीची वाटत असेल, तर कारण एअर इंडिया. २०१८ मध्ये आपल्या सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला. बोली आली शून्य. २४ टक्के स्वतःकडे ठेवणारं सरकार उद्या लुडबुड करणार नाही याची खात्री नव्हती आणि कर्जाचा मोठा बोजाही घ्यावा लागणार होता. मग अटी बदलल्या आणि शंभर टक्के हिस्सा विकायचं ठरलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली जिंकली.

पण हे १८,००० कोटी रोख नव्हते. १५,३०० कोटींचं कर्ज टाटांनी स्वीकारलं आणि २,७०० कोटी रोख दिले. कंपनीवर कर्ज होतं ६१,५६२ कोटी. उरलेले ४६,२६२ कोटी 'एआय असेट्स होल्डिंग' नावाच्या सरकारी कंपनीकडे गेले. तिच्याकडेच जमिनी, इमारती वगैरे १४,७१८ कोटींची मालमत्ताही ठेवली. ती मालमत्ता आणि रोख वजा केली, तरी २८,८४४ कोटींचा खड्डा उरतो.

मग सरकार फसलं का? मला तसं वाटत नाही. तेव्हा एअर इंडिया रोज सुमारे २० कोटी तोटा करत होती, म्हणजे वर्षाला ७,३०० कोटी. चार वर्षं कंपनी तशीच चालवली असती, तर या खड्ड्याएवढे पैसे गेलेच असते. आक्षेप घ्यायचा तर उशिरावर घ्यायला हवा. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाल्यापासून तोटा दिसत होता, निर्णय मात्र २०२१ ला झाला.

मागे ठेवलेल्या मालमत्तेचं काय झालं, हे मुंबईकरांना जवळून माहीत आहे. कलिन्याच्या कॉलनीतल्या कर्मचाऱ्यांना घरं रिकामी करायला सांगितलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोकरीची हमी एक वर्षाची होती, घराची नव्हती. आणि नरिमन पॉइंटची ती प्रसिद्ध इमारत १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं कुणी? महाराष्ट्र सरकारने. म्हणजे केंद्राच्या विमान कंपनीचं कर्ज कमी करायला राज्याच्या तिजोरीतून पैसे! पीआयएचंही असंच आहे. न्यूयॉर्कमधलं तिचं रूझवेल्ट हॉटेल या सौद्यात नाही, ते वेगळं हाताळलं जाणार आहे.

खासगी म्हणजे नेमकं कोण?

पीआयए घेणाऱ्या गटात खत कंपनी आहे, शाळा चालवणारा समूह आहे, गृहप्रकल्प उभारणारी कंपनी आहे. विमान कंपनी एकही नाही. लिलावाआधी माघार घेतलेली फौजी फर्टिलायझर नंतर विजेत्या गटात सामील झाली. ही कंपनी लष्कराशी जोडलेल्या फौजी फाउंडेशनची. सरकारी हस्तक्षेपातून सुटका म्हणून विकलेल्या कंपनीत लष्करी वर्तुळ मागच्या दाराने येत असेल, तर बदललं काय, असा प्रश्न पडतोच.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. एअर इंडिया विकल्यावर देशांतर्गत बाजार मुख्यतः दोन गटांच्या हातात आला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तिकिटं आकाशाला भिडली आणि सरकारला ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये अशी भाड्याची कमाल मर्यादा घालावी लागली. हाताशी सरकारी विमान कंपनी नव्हती, उरला होता फक्त फतवा. अर्थात, आधीची एअर इंडिया अशा वेळी कितपत उपयोगी पडली असती, हाही प्रश्नच आहे.

पाकिस्तानच्या यादीत पुढे इस्लामाबाद, फैसलाबाद आणि गुजरांवाला इथल्या वीज वितरण कंपन्या आहेत. तिथला तोटा वीजचोरी आणि थकबाकीतून येतो आणि ग्राहकाला दुसरी कंपनी निवडता येत नाही. त्यामुळे दर कोण ठरवणार आणि थकबाकी कुणाच्या नावावर राहणार, हे तिथे बोली उघडण्याआधीच ठरवावं लागेल.