कसोटी घराच्या उंबरठ्यावर

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्याला पहिले दिवस तुरुंगासमान वाटतात. शरीर नशा मागते, मन घरच्यांवर चिडते. पुढे समदुःखितांच्या सहवासात तोच बंदिवास आधार होतो आणि निरोपाच्या वेळी भय वाटते ते बाहेरच्या जगाचे. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने हे भय ओळखले. म्हणूनच तेथे उपचारांइतकेच महत्त्व नंतरच्या पाठपुराव्याला व कुटुंबीयांच्या समुपदेशनाला आहे.

कर्जत-खालापूरच्या गावांनी हे ध्यानी घ्यावे. बरा होऊन परतलेल्याला जुने सोबती ‘एकच घोट’ म्हणून खुणावतात आणि शेजारी ‘बेवडा’ म्हणून हिणवतात. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक.

कर्जतमध्येच डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून स्वगृही पोचवते. या कार्यासाठी त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार लाभला. घराने स्वीकारल्याविना उपचार पूर्ण होत नाही, हा धडा असा दाराशीच आहे. व्यसनमुक्ताला गावाने काम द्यावे, मान द्यावा. लग्नाच्या हळदीत त्याच्यापुढे पेला धरू नये. नशा केंद्रात सुटते; ती सुटलेली राहावी, हे दायित्व समाजाचे आहे.