बॉडी मोठी, लेन्स लहान



या सदरात आपण नेहमी घरखर्च, कर्जाचे हप्ते, मुलांची फी यांविषयी बोलतो. आज कॅमेऱ्याविषयी बोलायचे आहे. कॅमेरा म्हणजे हौशी लोकांचे काम, त्याचा आपल्या घराशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आमच्या अल्लीपुरात शेजारचा एक मुलगा लग्नाचे फोटो काढून घर चालवतो. त्याच्या आईने बचत गटातून कर्ज काढून त्याला कॅमेरा घेऊन दिला. तेव्हा हा विषयही शेवटी हप्त्याचाच आहे.

मुलाकडे आधी निकॉनचा लहान सेन्सरचा कॅमेरा होता. रात्रीच्या वरातीत, मंडपाच्या अपुऱ्या उजेडात फोटोत दाणे दिसत. म्हणून त्याने त्याच कंपनीची २४ मेगापिक्सेलची, फुल फ्रेम म्हणतात तशी मोठ्या सेन्सरची वापरलेली बॉडी घेतली. पैसे तेवढ्यातच संपले. लेन्स जुन्याच राहिल्या, त्यांवर 'डीएक्स' अशी अक्षरे. विकणारा म्हणाला, "बसते, काळजी करू नका." लेन्स बसली खरी.

पहिलेच काम एका साक्षगंधाचे मिळाले. दुसऱ्या दिवशी मुलगा उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. "काकाजी, चारही कोपरे काये आले." पाहिले तर सगळ्या घरादाराचा एकत्र फोटो, आणि कडेला उभी असलेली मुलीची आजी अंधारात बुडालेली. काळा भाग कापावा, तर आजीही कापली जाते.

मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. पण बेरीज-वजाबाकी कळते. आम्ही दोघांनी बसून गोष्ट समजून घेतली, ती तुम्हालाही सांगतो.

लेन्स आत जे चित्र पाडते ते चौकोनी नसते, गोल असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लहान टॉर्च मारा. मधला भाग उजळतो, कोपरे अंधारात राहतात. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जुन्या रोलच्या एका फोटोएवढा. लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर, सुमारे २४ बाय १६ चा. त्याचे क्षेत्रफळ निम्म्यापेक्षाही कमी. लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स तेवढाच गोल उजळवते. मोठ्या सेन्सरवर कोपरे उघडे पडतात. कोपरे नुसते अंधुक असतील तर संगणकावर थोडे उजळता येतात. जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे परत काय आणणार?

कॅमेऱ्याला हे कळत नव्हते असे नाही. निकॉनच्या अशा बॉडीत 'ऑटो डीएक्स क्रॉप' नावाची सोय असते. लहान लेन्स लावली की कॅमेरा आपणहून मधलाच भाग घेतो. मुलाने "पूर्ण फोटो मिळावा" म्हणून ती बंद केली होती. ती पुन्हा सुरू केली आणि काळे कोपरे गेले.

मग प्रश्न मिटला का? आता हिशेब मांडू या. २४ मेगापिक्सेलपैकी हाती उरतात सुमारे १०. आठ बाय बारा इंचाचा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून छापायला साडेआठ-नऊ पुरतात, म्हणजे अल्बमचे काम भागते. बारा बाय अठराला मात्र १९ हून अधिक लागतात, तिथे कमी पडते. आणि मुख्य तोटा वेगळाच आहे. रात्रीच्या फोटोत दाणे कमी यावेत म्हणून मोठा सेन्सर घेतला, त्याचा निम्म्याहून अधिक भाग रिकामा बसतो. दाणे जवळपास पूर्वीइतकेच. ज्यासाठी कर्ज काढले, तेच पदरात पडले नाही.

दुसऱ्या कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. कॅननची 'ईएफ-एस' लेन्स त्यांच्या आरशाच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर बसतच नाही. जोर लावू नये, आतल्या आरशाला धक्का लागेल. सोनीत 'ई' लिहिलेली लहान सेन्सरची, 'एफई' लिहिलेली मोठ्या सेन्सरची. सिग्माची 'डीसी' लहान, 'डीजी' मोठी. टॅमरॉनची 'डीआय टू' लहान, नुसती 'डीआय' मोठी. घेण्यापूर्वी ही अक्षरे वाचावीत.

आम्ही असे ठरवले. जुनी बॉडी आणि तिच्या लेन्स एकत्र विकायच्या आणि त्या पैशात मोठ्या सेन्सरला चालणारी ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स घ्यायची. जुनी १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ही १.८ पर्यंत उघडते, म्हणजे नऊ पटीहून अधिक उजेड आत येतो. झूम नाही, चार पावले मागे-पुढे चालावे लागेल. पाय फुकट आहेत. गिऱ्हाईक मिळेपर्यंत क्रॉप सुरू ठेवून काम करायचे.

साक्षगंधाचे अर्धे पैसे मुलाने स्वतःहून सोडले. त्याची आई काही बोलली नाही, पण त्या महिन्याचा हप्ता तिने मजुरीतून भरला, हे मला ठाऊक आहे.

आई-वडिलांनो, मुलाने धंद्याचे सामान मागितले तर नाही म्हणू नका. फक्त एक कागद घ्यायला सांगा. त्यावर बॉडी, लेन्स, कार्ड, जादा बॅटरी, सगळे लिहून बेरीज करायला लावा. जुन्या सामानातले काय नव्यावर पूर्ण चालते, काय अर्धे चालते, तेही लिहायला लावा. "बसते" आणि "चालते" हे दोन वेगळे शब्द आहेत.

त्याच घरचे लग्न मेमध्ये झाले. ते कामही त्यालाच मिळाले, नवी लेन्स तोवर आली होती. एकत्र फोटोच्या वेळी त्याने आधी एक खुर्ची मागवली आणि आजीला मधोमध बसवले.