सायकल आणि सलवार

आमच्या वर्गातली नववीची एक मुलगी सहा किलोमीटरवरच्या गावाहून सायकलने शाळेत येते. गेल्या महिन्यात तिच्या पलाझोचा काठ चेनमध्ये अडकला आणि ती पडली. खरचटण्यावर निभावलं, पण घरी ठरलं, सायकल बंद. एसटी शाळा भरून गेल्यावर येते. म्हणजे शाळाही बंद होण्यातच जमा.

आम्ही भेटायला गेलो. अम्मीचं म्हणणं, घट्ट लेगिंग घालू देणार नाही. सैल घातलं तर हे असं. आम्ही म्हटलं, "बाजी, तुमच्या अंगावरची सलवार बघा की!"

वर घेर, खाली निमुळती मोहरी. मुली आता यालाच कॅरट पॅन्ट म्हणतात आणि नवी फॅशन समजतात, असो. सैलपणा हवा तो आसनात आणि मांडीला. तिथे कापड असलं की पेडल मारताना, रुकूत, सजद्यात ओढ बसत नाही, अंगही दिसत नाही. घोट्याशी मात्र कापड आवरलेलं हवं.

मापाची खूण अशी. खुर्चीवर ताठ बसा. कमरेपासून बैठकीपर्यंत बाजूने टेप धरा, त्यात दोन-तीन इंच मिळवा. ते आसन. मोहरीसाठी टेप टाचेवरून पायाच्या वरच्या उंचवट्यावर फिरवा. त्याहून कमी ठेवलीत तर पाय आत जाणार नाही. चुण्या पुढे घ्या, पोटावर नेफा सपाट ठेवा. कुर्ता सरळ, गुडघ्याच्या जरा खाली, बाजूला कट असलेला. घेरदार फ्रॉक आणि घेरदार सलवार एकत्र घातली की बाई गाठोड्यासारखी दिसते, आमचं स्पष्ट मत आहे.

कापड मऊ सुती घ्या. कडक कापड मांडीवर फुगून राहतं. वर्ध्यात मगन संग्रहालयाची नैसर्गिक रंगातली खादी मिळते. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं हे संग्रहालय. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात खादीसारखं दुसरं काही नाही. फक्त कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सलवार घोट्यावर चढते.

बाजींनी घरच्याच मशीनवर शिवली. मोहरी अकरा इंच धरली, टाच अडकली. मग बाजूला दोन इंचांचा कट देऊन टिचबटण लावलं. सोमवारपासून ती सायकल पुन्हा शाळेच्या कुंपणाला टेकलेली असते.